गंगेवरील गरम चहाची मोहीम

श्री. थोरांस दंडवत, लहानांस आशीर्वाद आणि मधल्यांस सावध राहण्याची ताकीद देऊन हकीकत लिहिली जाते ऐसी जे, आजवर या पृथ्वीवर बहुत राज्ये जाहली, बहुत बुडाली, फौजांनी नद्या उतरल्या, घाट ओलांडले, हत्ती पाण्यात घातले, आणि ते सर्व लिहिता लिहिता लिहिणारांचे बोरू झिजले आणि दौती आटल्या. परंतु जी मोहीम येथे लिहावयाची योजिली आहे तिजपुढे त्या सर्व मोहिमा म्हणजे अंगणातील लगोरी. रणभूमी गोदावरी, जिला त्या मुलखी गंगाच म्हणत, आणि प्रवरा यांचा संगम. तारू अठरा खुर्च्यांचे. सामग्री त्रेचाळीस कलमांची. शत्रू ऐसा जबरदस्त की त्यास दात दोनच, परंतु त्या दोहोंपुढे अवघे घर शरण. आणि मोहिमेचा हेतू कोणता म्हणाल, तर राजेश्वरीबाई यांणी एक कप चहा, गरम आहे तोवर, प्यावा.

हसू नये. ज्यांचे घरी नऊ महिन्यांचे लेकरू आहे ते हसणार नाहीत, आणि ज्यांचे घरी नाही त्यांस ही हकीकत पुढे उपयोगी पडेल.

तर कसबा भिंगार, नगर शहरास लागून, तेथे मच्छिंद्रराव नामे गृहस्थ, वय वर्षे सदुसष्ट, पिठाचे गिरणीचे धनी, ज्यांस अवघी पेठ आबा म्हणे. त्यांच्या भुवया बारमाही पांढऱ्या; त्या वयाने की पिठाने, याचा निवाडा आजतागायत जाहला नाही. गिरणी पुढे, घर मागे, आणि मध्ये एक विटेची भिंत. त्यांचे कुटुंब रंगुबाई, घरच्या सर्वाधिकारी. पुत्र करणराव, सुपे येथील कारखान्यात यंत्रांचे दुरुस्तीवर नामजाद, कोणतेही काम यादीवाचून करीत नसत. सून राजेश्वरीबाई, नगरचे शाळेत विज्ञान शिकवीत, सांप्रत रजेवर. आणि या सर्वांवर हुकूम चालविणारी राजनंदिनी ऊर्फ नंदू, वय महिने नऊ, जिची झोळी गिरणीला लागलेल्या त्याच भिंतीपाशी, आढ्याच्या कडीस टांगलेली असे.

आता राजेश्वरीबाईंचे चहाची अवस्था कैसी, ते लिहितो. चहा कपात ओतावा, वाफ निघावी, बाईंनी कान पकडून कप उचलावा, तो झोळीतून आरोळी यावी. मग कप तिथेच राहावा आणि बाईंनी धावावे, आणि अर्ध्या घटकेने परत यावे तो चहावर साय, सायीवर माशी. मग रंगुबाई माया करून तो पुन्हा तापवीत, आणि पुन्हा आरोळी, आणि पुन्हा तापविणे, आणि तिसऱ्यांदा तापलेला चहा म्हणजे चहा नव्हे, तो काढा. एकदा तर सकाळचा कप संध्याकाळी खिडकीत सापडला, आणि बाईंनी तो उभ्या उभ्या, डोळे मिटून, औषधासारखा घेतला. ते करणरावांनी उंबऱ्यातून पाहिले आणि त्यांचे काळजात कळ आली.

त्यांणी विचारिले, तुला काय हवे? साडी, दागिना, महाबळेश्वर, जे मागशील ते.

बाई म्हणाल्या, "काही नको रे. मला एकदा बसून चहा प्यायचाय. घोट घोट. वाफ दिसली पाहिजे."

एवढे बोलून त्या लंगोट वाळत घालावयास गेल्या. परंतु करणराव तेथेच उभे राहिले आणि त्यांणी मनात शपथ वाहिली की हा चहा पाजीन तरच नावाचा. मग त्यांणी मोबाईलात शोध केला, आणि शोधता शोधता एक जाहिरात हाती लागली की प्रवरासंगमी जलराणी नामे नौका आहे, दोन तास जलविहार, मध्यधारेत इंजिन बंद करून नीरव शांतता, पक्षिदर्शन, आणि आल्याचा चहा. हे वाचून करणराव ऐसे उठले की खुर्ची मागे पडली. नीरव शांततेत लेकरू निजेल, लेकरू निजेल तो चहा येईल, चहा येईल तो गरम असेल. ऐसा तीन पायऱ्यांचा हिशेब बांधून त्यांणी अवघी मोहीम नीरव शांतता या दोन शब्दांवर उभी केली. घात येथेच जाहला. परंतु ते पुढे.

मोहिमेस वार नेमिला गुरुवार. सबब, सुप्याचा कारखाना गुरुवारी बंद, आणि आबांची गिरणीही गुरुवारी बंद. गेली बावीस वर्षे तिचा दगड गुरुवारी फिरला नव्हता. आबांचे मत ऐसे की माणसास रविवार मिळतो, दगडाने काय घोडे मारिले? आणि आबांचाही तो एकच सुखाचा दिवस. कां की इतर सहा दिवस गिरणीत बसून त्यांचे चहावर पिठाची साय धरे, आणि गुरुवारी मात्र ते ओसरीवर बसून, बशीत ओतून, फुंकर घालून, चवीने चहा घेत.

गुरुवारचा आणखी एक प्रकार त्या घरी होता. नंदू दर गुरुवारी दिवसा निजत नसे. सहा दिवस दुपारी दोन दोन तास गाढ, जे बाईंचे धुण्याभांड्यांत जात, आणि गुरुवार आला की डोळा मिटत नसे आणि आवाज बंद होत नसे. येविषयी रंगुबाईंचे निदान पक्के होते की गिरणीस सुटी म्हणून पाहुणे येतात, आणि पाहुण्यांची नजर लागते. म्हणून दर गुरुवारी मीठ, मोहरी आणि सात लाल मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या जात. मिरच्यांचा खाट उठून ठसका आला तर नजर उतरली, आणि न आला तर नजर फारच जबर, ऐसे दोन्हीकडून रंगुबाईंचे शास्त्र मजबूत होते. लेकरू मात्र दोन्हीकडून रडे.

मग तयारी मांडली. करणरावांनी त्रेचाळीस कलमांची याद केली आणि एकेका कलमापुढे बरोबरची खूण केली: दुपटी अकरा, टोपडी तीन, बाळगुटीची सहाण, नाचणीचे सत्त्व, उकळलेले पाणी, खुळखुळे दोन, आणि झोळीकरिता रंगुबाईंचे जुने नऊवारी लुगडे, जे धुऊन धुऊन सायीसारखे मऊ जाहले होते. रंगुबाईंनी नंदूच्या गालावर रुपयाएवढी काजळाची तीट लाविली आणि फर्मान सोडिले, "गंगामाईची वटी भरल्याबिगर नावंत पाय ठेवू नगा. लेकराला उन्हात धरू नगा. वाऱ्यात धरू नगा. सावलीत बी लई धरू नगा."

"मग धरायचं कुठं, आई?" करणरावांनी विचारिले.

"ते तुमचं तुमी बगा. मी कशाला मधी बोलू?"

आबा ओसरीवरून म्हणाले, "जा पोरांनो, फिरून या. आज गुरुवार हाय, मी बी निवांत हाय."

आणि मग फौज कूच जाहली. लहान पांढरी चारचाकी, पुढे करणराव, मागे राजेश्वरीबाई मांडीवर राजकन्या घेऊन, आणि उरलेल्या जागेत त्रेचाळीस कलमे. नगर सोडिले, इमामपूरचा घाट उतरला, पांढरीचा पूल मागे टाकिला, आणि नंदू गाडीत ऐसी निजली की करणराव आरशातून पाहून हर्षभरित जाहले. घोडेगावी त्यांणी सडकेवरील टपरीपाशी गाडी उभी केली, इंजिन बंद केले, आणि दोन चहा सांगितले. चहा आला, वाफ निघत होती, बाईंनी हात पुढे केला, आणि तत्क्षणी नंदूने डोळे उघडिले आणि ऐसी किंकाळी फोडिली की टपरीवाल्याचे हातून गाळणी पडली. कप टपरीवर राहिला. गाडी चालू जाहली, अर्धा कोस गेली, आणि नंदू पुन्हा निजली.

तेव्हा करणरावांनी दाढीवरून हात फिरवून मसलतीचा निष्कर्ष सांगितला, "राजू, हिला चहाचा वास येतो. चहा दिसला की उठते. डूख धरलाय पोरीनं."

बाईंनी नंदूचे टोपडे नीट केले. परंतु विज्ञान शिकविणारास एक खोड असते की गोष्ट दोनदा घडली की ती मनात टिपून ठेवणे. ही त्यांणी टिपली.

प्रवरासंगमी पोचले तो दहाचा सुमार. थंडीचे दिवस, धरणाचे पाणी दूरवर पसरलेले, पाण्यावर कोवळे ऊन. प्रथम ओटी भरली: खण, नारळ, मूठभर तांदूळ, आणि राजेश्वरीबाईंनी हात जोडून मनात जे मागितले ते इतके लहान होते की गंगेसही नवल वाटले असेल. मग नौकेचे सरखेल इब्राहिमभाई सामोरे आले, लुंगी, स्वेटर, डोईस गमछा. त्यांणी राजकन्येस सगळ्यांत लहान नारिंगी जाकीट चढविले, ज्यातून तिचे नाक आणि तीट एवढेच दिसू लागले. नौका कैसी म्हणाल, तर वर पत्र्याचे छत, छतास लोखंडी नळ्या, खाली बोल्टाने आवळलेल्या अठरा खुर्च्या, आणि मागे एक काळे डिझेलचे इंजिन, ज्याणे पूर्वायुष्यात नेवाशाकडील एका विहिरीचे पाणी उपसले होते. इंजिनापासून चार हातांवर मुदपाकखाना, म्हणजे एक शेगडी आणि एक पातेले, आणि त्याच्या मुखत्यार इब्राहिमभाईंच्या बेगम मेहताबबी.

राजेश्वरीबाईंनी नम्रपणे विचारिले, चहा केव्हा मिळेल?

मेहताबबी म्हणाल्या, "इंजन चालू हाय तवर पातेलं नाचतंय, भाबी. शेगडीवर टिकतच न्हाई. मधी गेल्यावर हे इंजन बंद करत्यात. मग चहा."

ही अट वाचकांनी ध्यानात ठेवावी. अवघे युद्ध या अटीवर जाहले.

उतारू आणखी आठ-दहा होते, त्यांत मातबर एकच: ज्ञानेश्वर मास्तर, शेवगावचे, शाळेतून निवृत्त, गळ्यात दुर्बीण, काखेत वही. ते तीन वर्षे चक्रवाक पक्ष्यांची मोजणी करीत होते. त्यांणी झोळी, खुळखुळे आणि अकरा दुपटी यांवरून नजर फिरविली आणि वर्गावर ओरडावे तैशा आवाजात जाहीर केले, "आम्ही इथं शांततेसाठी येतो."

"आम्हीपण, सर," करणराव म्हणाले, आणि त्यांणी छताच्या नळीस लुगड्याची झोळी बांधली, तीन गाठी मारिल्या, स्वतः लोंबकळून गाठी पारखल्या, आणि यादीत खूण केली.

मग इब्राहिमभाईंनी हँडल मारिले आणि इंजिन धडधडू लागले. छत हालू लागले, खुर्च्या थरथरू लागल्या, मास्तरांचा चष्मा नाकावर नाचू लागला, आणि नंदूने एकवार चहूकडे पाहिले, अंगठा तोंडात घातला, आणि त्या धडधडाटात ऐसी निजली की जणू मातोश्रींचे कुशीत. बाई मोकळ्या हाताने खुर्चीवर बसल्या. मोकळे हात मांडीवर कैसे ठेवावे हे त्यांस क्षणभर उमजेना. करणराव पुढे सरून कानात बोलले, "आता मधोमध शांतता. आणि मग बघ."

मध्यधार आली. सरखेलांनी इशारत केली आणि इंजिन बंद जाहले. आहा, ती शांतता! पाणी नौकेच्या काठाशी बोलत होते, दूर एक होडी उभी होती, मास्तरांनी दुर्बीण डोळ्यास लाविली, मेहताबबींनी शेगडी पेटविली, आले ठेचिले, दूध चढले, चहा उकळला, कपात आला, कप बाईंचे हाती आला, वाफ नाकास लागली, ओठ पुढे जाहले. आणि झोळीतून रणशिंग वाजले.

तो आवाज संगमावरून गेला, पुलास थडकला आणि माघारा आला. चक्रवाकांचा अवघा थवा एकदम उठला. मास्तरांचे मुखातून शिक्षकास न शोभणारा शब्द निघाला. बाईंनी कप खाली ठेविला आणि लेकरू उचलिले, आणि ओव्या म्हणितल्या, आणि नौकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सात फेऱ्या घातल्या, आणि करणरावांनी मोबाईलातून समुद्राच्या लाटांचा आवाज लाविला, जो बाळांस निजवितो ऐसे कोठेसे लिहिले होते. तो ऐकून नंदूने सूर आणखी वर नेला. कपातील वाफ बारीक जाहली, मग नाहीशी जाहली. पहिली लढाई हरली.

मग सर्वांनी हात टेकले आणि इंजिन चालू केले. चालू जाहले तो नंदू गप्प, आणि शंभर हात गेले तो निजली.

दुसरी लढाई पलीकडल्या काठाशी जाहली. पक्षी पुन्हा बसले होते, मास्तरांनी सगळ्यांस हातांनी खुणावले, इंजिन बंद जाहले, चहा जाहला, आणि या वेळेस करणरावांनी कप दुपट्याखाली झाकून, पाठ वळवून, चोरासारखा आणिला, जेणेकरून शत्रूस वास लागू नये. बाईंनी तो घेतला मात्र, तो पुन्हा रणशिंग. झोळीतून एक गुबगुबीत पाय बाहेर आला आणि त्याणे करणरावांचे कोपरास ऐसी लाथ मारिली की कोपर जाऊन कपास लागले. कप फळ्यांवर उपडा जाहला. कोणास भाजले नाही ही परमेश्वराची कृपा. परंतु चहा फटीतून थेट गंगेस अर्पण जाहला.

मास्तर उठले आणि म्हणाले, "अहो, हिला काठावर उतरवा, नाहीतर मला उतरवा!"

करणराव म्हणाले, "सर, तुम्हाला पोहता येतं का?"

सरखेल मध्ये पडले आणि म्हणाले, "भांडू नगा. पानी समद्यांचं हाय."

परंतु राजेश्वरीबाई यांतील काही ऐकत नव्हत्या. त्या लेकरू खांद्यावर घेऊन, फळ्यांवरील ओल्या डागाकडे पाहत उभ्या होत्या, आणि त्यांचे मनात टिपणे हालत होती. घोडेगावी गाडी बंद, नंदू उठली. मध्यधारेत इंजिन बंद, नंदू उठली. आताही तेच. चहा तिन्ही वेळा होता, खरे; परंतु घरी गुरुवारी चहा असो की नसो, ती उठतेच. गुरुवारी काय असते? पाहुणे. आणि गुरुवारी काय नसते?

बाई खाली बसल्या.

"करण," त्या म्हणाल्या, "नजर नव्हती रे. गिरणी नव्हती."

करणरावांस कळेना. मग बाईंनी शाळेत सांगावे तैसे समजाविले की ही पोर जन्मल्यापासून भिंतीपलीकडे दगड फिरत आला. तिला तो घरघराट म्हणजे अंगाई. तो थांबला की हिला वाटते जग थांबले. आणि आपण काय केले, तर हिला घेऊन दोन तासांची शांतता शोधत पासष्ट किलोमीटर आलो. करणरावांनी यादीकडे पाहिले. त्रेचाळीस कलमांत गिरणी नव्हती. नऊ महिने सात सात मिरच्या जळाल्या, त्या फुकट गेल्या. त्यांचे तोंड उतरले, आणि मग पुरुषास साजेल ऐसा उपाय त्यांणी केला: लेकरू झोळीत घालून, वर वाकून, गाल फुगवून, तोंडाने गिरणी चालविली. घर्रर्र. नंदूने रडणे थांबवून बापाकडे पाहिले, आणि मास्तरांनीही पाहिले, आणि क्षणभर आशा वाटली. परंतु दम सरला, गिरणी थांबली, आणि आक्रोश पूर्ववत जाहला.

मेहताबबींनी तोवर दुधाची किटली उघडून पाहिली होती. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या की दूध एका कपापुरते राहिले आहे, ते आमचे दोघांचे, परंतु भाबी, ते तुमचे. "तीन पोरं वाढवली म्या. धा वर्सं गार चहा पिला. मला नगा सांगू."

एक कप. याउपर दारूगोळा नाही. इंजिन चालवावे तर चहा होत नाही, आणि चहा करावा तर लेकरू निजत नाही.

तेव्हा राजेश्वरीबाईंनी मोबाईल काढिला आणि आबांस लाविला. हे धाडस लहान नव्हे, कां की सून ती, आणि मागावयाचे ते बावीस वर्षांचा नेम मोडणारे.

"आबा, एक मागू का? गिरणी चालू करता?"

"आज गुरुवार हाय, पोरी."

"माहितीये."

"काय दळायचं हाय?"

"दळायचं काही नाही, आबा. नंदूला दिवसा गिरणीच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही, आत्ता कळलं. फोन नुसता गिरणीपाशी धरायचा. आणि…" येथे बाईंनी जे नवऱ्यावाचून कोणास सांगितले नव्हते ते सासऱ्यास सांगितले. "आणि मला एक कप गरम चहा प्यायचाय."

पलीकडे बशी खाली ठेविल्याचा आवाज आला. करणराव कपाळास हात लावून बसले. मग किल्ल्यांचा जुडगा वाजला, आणि फळ्यांचे दार करकरले, आणि मागून रंगुबाईंचा आवाज आला, "अवो, कुटं निघाला? चहा घ्या की आदी!" आणि आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे." मग फोनात बोलले, "मोकळा दगड फिरवता येत न्हाई. दगड दगडाला खातो. राहीबाईचा ज्वारीचा डबा पडलाय उद्याचा, त्यो लावतो. बारीक धार सोडतो. डबा सरंपर्यंत तुझं उरकून घे."

आणि मग, हे वाचकहो, बावीस वर्षांत जे न जाहले ते जाहले. भिंगारात गुरुवारी, भर दुपारी, गिरणीचा पट्टा फडफडला, दगड घरघरला, आणि शेजारी बाहेर येऊन कोणाचे लग्न म्हणून विचारू लागले. आणि तो आवाज त्या लहानशा यंत्रातून निघून, इमामपूरचा घाट उतरून, पांढरीच्या पुलावरून, संगमावर, झोळीत ठेविलेल्या फोनात येऊन पोचला. नंदूची किंकाळी अर्ध्यावर तुटली. तिणे मान वळविली. अंगठा तोंडात गेला. डोळे एकदा मिटले, उघडिले, मिटले, आणि मग उघडिलेच नाहीत.

नौकेवर कोणी श्वासही मोठा घेईना. झोळी हलती राहावी म्हणून दोरीस हात पाहिजे होता, आणि करणराव तर शेगडीस वारा लागू नये म्हणून दुपटी घेऊन आडोसा धरून उभे, तेव्हा ज्ञानेश्वर मास्तर आपण होऊन पुढे आले, दुर्बीण पाठीवर टाकिली, दोरी हाती घेतली, आणि कुजबुजले, "चक्रवाकांना गिरणीचं काही वाटत नाही. रडण्याचंच वाटतं." हा तहनामा तोंडीच जाहला, परंतु उभयपक्षी पाळिला गेला.

आले ठेचिले. दूध चढले. भिंगारात राहीबाईंची ज्वारी धार धार उतरत होती, आणि सगळ्यांचे कान त्या घरघराटावर, की धार तुटते की काय. चहा उकळला, गाळला, कपात आला. मेहताबबींनी तो दोन्ही हातांनी दिला. बाई खुर्चीवर बसल्या. पाठ टेकली. वाफ वर आली आणि त्यांचे चेहऱ्यावर बसली, आणि त्यांणी ती पाहिली, पुरती पाहिली, आणि मग पहिला घोट घेतला.

त्यांचे डोळ्यांत पाणी आले.

करणराव घाबरून म्हणाले, "काय झालं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "जीभ भाजली."

आणि त्या हसल्या ऐशा, की नऊ महिन्यांत तैशा हसल्या नव्हत्या. मग दुसरा घोट, मग तिसरा, आणि मध्ये त्यांणी पाण्याकडे पाहिले, आणि पाणी तेथे सकाळपासून होते हे त्यांस तेव्हा कळले. रोहित पक्ष्यांची एक रांग पलीकडे उभी होती, पाय बारीक, पंखांस गुलाबी कड. मास्तर दोरी न सोडता बोटाने दाखवीत होते. बाईंनी ते पाहत पाहत चौथा घोट घेतला आणि तोही गरम होता. सहाव्या घोटास फोनातील घरघर पातळ जाहली, सातव्यास दाणे थेंब थेंब पडू लागले, आणि आठवा घोट घेऊन बाईंनी कप उपडा करून दाखविला. थेंब पडला नाही. त्याच निमिषी इब्राहिमभाईंनी हँडल मारिले आणि इंजिन धडधडले. गिरणीचा आवाज संपला आणि इंजिनाचा लागला, यांमध्ये केसाएवढी फट राहिली नाही; नंदूने झोपेत ओठ हालविले आणि कूस बदलली.

येणेप्रमाणे वार गुरुवार, पौषमास, दोन प्रहरांचे सुमारास, गोदा-प्रवरा संगमी, जलराणी नौकेवर, सौभाग्यवती राजेश्वरीबाई यांणी आल्याचा चहा एक कप, आठ घोटांत, गरम, तळापर्यंत फत्ते केला. आपले बाजूस नुकसान: चहा तीन कप, मिरच्या नऊ महिन्यांच्या. मास्तरांचे चक्रवाक एकशे चौदा भरले, पैकी उडालेले परत आले. साक्षीस सरखेल इब्राहिमभाई, मेहताबबी, मास्तर आणि उतारू समस्त. शत्रूस कैद न करिता मांडीवर घेतले. ही फत्ते या मुलखी याउपर कायम समजावी आणि पुढील पिढ्यांनी तिचे स्मरण ठेवावे.

ऐसे लिहून लेखणी ठेवावी, तो बाईंचे ध्यानात आले की झोळीतील फोन अद्याप चालूच आहे. त्यांणी तो उचलून कानास लाविला. पलीकडे गिरणी थांबली होती आणि आबा खोकत होते.

"आबा," बाई म्हणाल्या.

"झाला का गं चहा?"

"झाला, आबा. गरम."

"मग बरं झालं. आता यवडं कर, तुझ्या सासूला तिच्या फोनवर सांग, माझा चहा वसरीवर ऱ्हायलाय, त्यो गार झाला आसंल. जरा गरम करून हिकडं गिरनीत आनून दे म्हनावं. माझं हात पिठाचं हायत."